वर्गणीची बाग

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत एक रिवाज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना कमाटीबाग दाखवायची आणि आपण लग्नामुंजीच्या निमित्ताने मुंबईस गेलो की मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत फिरवून आणायचे. दोन्हीकडे माकडे, हरणे आणि वाघ पाहायचे, सावलीत बसून दशम्या सोडायच्या आणि घरी परतायचे. दोन्ही बागा त्यामुळे आपल्या मनात एकाच जातीच्या ठरून गेल्या आहेत. वस्तुतः त्यांच्या जन्मकथा अगदी भिन्न आहेत. कमाटीबाग १८७९ साली रयतेसाठी खुली झाली ती राजसत्तेच्या औदार्याने. तेथे प्रजेने फक्त यावयाचे होते. राणीच्या बागेच्या नावात राणी असली तरी ती राणीने कोणाला दिलेली नाही. मुंबईतील काही नागरिकांच्या मंडळाने वर्गणी काढून, बियाणे मागवून, रोपे जगवून ती उभी केली. शिवाय ती मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. ती झाडांची बाग होती, वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासाची आणि प्रयोगाची. या दोन गोष्टींचा विसर पडला आणि त्या विसरापायी एकविसाव्या शतकात ही बाग हातची जाण्याची वेळ आली होती. ती हकीकत येथे क्रमाने सांगावी, असा आमचा हेतू आहे.

प्रारंभ भायखळ्यात झाला नाही, शिवडीत झाला. आणि त्याचे मूळ शोधू गेले तर कलकत्त्यापर्यंत मागे जावे लागते. तेथे १८२० साली विल्यम कॅरी यांनी शेती व उद्यानविद्या यांच्या वाढीसाठी एक मंडळ स्थापन केले होते. हे तेच कॅरी, ज्यांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मोडी टाइपांत मराठी कोश छापून काढला. व्याकरण, कोश आणि बागाईत यांची अशी सांगड घालणारा मनुष्य आज विरळाच. कलकत्त्याच्या धर्तीवर १८३० च्या सुमारास, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे मंडळ मुंबईत निघाले. पुण्याजवळ दापोडीला माल्कमसाहेबांच्याच काळात एक सरकारी बाग सुरू झाली होती. मुंबईचे मंडळ मात्र सभासदांचे होते. सरकारने शिवडीला जागा दिली. बाकी व्यवहार वर्गणीवर आणि हौसेवर चालावयाचा होता.

या हौसेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जॉन ग्रॅहॅम. हे गृहस्थ मुंबई इलाख्याचे उपपोस्टमास्तर जनरल. माल्कम यांच्याच स्कॉटलंडमधील परगण्यातून आलेले आणि त्यांच्याच ओळखीने नोकरीस लागलेले. दिवसा टपालाचे काम आणि उरल्या वेळात मंडळाच्या बागेची देखरेख. मुंबई व आसपासच्या प्रदेशांत आपोआप उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या अशा सर्व वनस्पतींची यादी त्यांनी करावयास घेतली. यादी छापून पुरी होण्यापूर्वीच, १८३९ च्या मे महिन्यात, खंडाळ्यास त्यांचा अंत झाला. उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निमो यांनी पुरे केले आणि त्याच वर्षी ग्रंथ बाहेर पडला. पश्चिम भारताच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला आजही या यादीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ज्यांनी आमच्यासारखी सारी हयात सरकारी टेबलामागे घालवली, त्यांना या टपालखात्याच्या अधिकाऱ्याविषयी विशेष आपुलकी वाटल्यास नवल नाही. आमच्यापैकी कितीजणांनी कचेरीच्या वेळेनंतर असे काही मागे ठेवले?

ग्रॅहॅम यांच्या यादीतील ‘बाहेरून आणलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मंडळाचे मुख्य काम तेच होते. बोटींतून बियाणे व रोपे यावयाची; ती मुंबईच्या हवेत धरतात की नाही ते पाहावयाचे; धरली तर सभासदांना आणि इलाख्यातील इतर बागांना वाटावयाची. मुंबईची हवा उष्ण व दमट असली तरी बागवानाला ती वाटते तितकी अनुकूल नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने आभाळाकडे पाहून काही उपयोग नसतो. ब्रह्मदेश किंवा मलायातल्या, बारमाही ओलाव्याला सरावलेल्या झाडाला येथे मार्च ते मे या काळात माणसाच्या हातानेच पाणी पाजावे लागते. ते पाणी पाजणाऱ्या माळ्यांची नावे आम्हांला कोठेही आढळली नाहीत. वर्गणीदारांची नावे नोंदली जातात, घागरी वाहणाऱ्यांची जात नाहीत. मंडळाला आपण ‘नागरिकांचे’ म्हणतो तेव्हा एवढी मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी. ते साहेबांचे आणि शेठ लोकांचे मंडळ होते.

गुलमोहर भारतात प्रथम आढळल्याची नोंद १८४० च्या सुमारास शिवडी येथील आहे, असे वनस्पतींवरील ग्रंथांत वारंवार सांगितले जाते. हे झाड मूळचे मादागास्करचे. शिवडीसारख्या तेव्हाच्या आडबाजूच्या कोळीवाड्याजवळ ते आपल्या पायांनी आलेले नाही, हे उघड आहे. मंडळाची बाग त्याच ठिकाणी, त्याच काळात चालू होती. दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह होतो आणि तो मोह फारसा गैर नाही, असे आमचे मत आहे. आज गुलमोहर नसलेले मराठी गाव दाखवणे कठीण, आणि वैशाखातली आपली कविता तर त्याच्यावाचून उघडी पडेल.

पुढे शिवडीची जागा शहराला हवी झाली. दाट वस्तीतील जुनी दफनभूमी अपुरी पडू लागली होती. शिवडीच्या बागेच्या जमिनीवर ख्रिस्ती दफनभूमी करण्याचे ठरले आणि १८६० च्या दशकात ती झाली. बागेला माझगाव-भायखळ्याच्या बाजूला माउंट इस्टेट नावाची ३३ एकर जागा मिळाली. वाढलेले वृक्ष उचलून नेता येत नाहीत. नेली असतील ती रोपे, कलमे आणि कुंड्या. म्हणजे तीस वर्षांची मेहनत बऱ्याच अंशी पुन्हा पहिल्यापासून. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या पत्नीच्या हस्ते नव्या बागेचे उद्घाटन झाले आणि ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ हे नाव मिळाले. लोकांनी लगेच त्याचे मराठी केले, राणीची बाग. विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने मुंबईत येऊ लागले होते, ही गोष्टही येथे नोंदवण्याजोगी आहे. विहिरींच्या भरवशावर एवढ्या मोठ्या बागेचा मांड कोणी मांडला असता की नाही, याची आम्हांस शंका वाटते.

बागेबरोबरच तिच्या आवारात वस्तुसंग्रहालयाचीही पायाभरणी झाली. दोन्ही कल्पना एकाच मंडळींच्या होत्या आणि त्यांत तीन नावे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावीत. पहिले नाना शंकरशेट. शाळा, रेल्वे, स्मशानभूमी असा मुंबईचा कोणताही सार्वजनिक प्रश्न त्यांना वगळून सुटत नसे. दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड; वैद्यक, शिलालेख, नाणी आणि औषधी वनस्पती यांत सारख्याच गतीने वावरणारे. महारोगावर वनस्पतिज औषध शोधण्यात त्यांनी आयुष्यातील मोठा काळ घालवला. आणि तिसरे डॉ. जॉर्ज बर्डवुड. बेळगावच्या वाचकांना ऐकून आनंद वाटेल की या गृहस्थांचा जन्म १८३२ साली बेळगावातच झाला होता. कोटात ठेवलेला जुना वस्तुसंग्रह १८५७ च्या धामधुमीत लष्कराने जागा हवी म्हणून बाहेर काढला आणि त्यातील पुष्कळ वस्तूंची नासाडी झाली. जे उरले ते बर्डवुड यांनी गोळा केले आणि कायमच्या इमारतीसाठी लोकांपुढे हात पसरला. इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींची व इतर उत्पन्नांची सूचीही त्यांनी १८६२ साली छापली. झाड ओळखावे, त्याचे नाव लिहून ठेवावे आणि ते लोकांना दाखवावे, हा ग्रॅहॅम यांचा धागा बर्डवुड यांनी पुढे चालवला.

हात पसरण्याला तो काळ फार अनुकूल होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तेथला कापूस अडकला आणि लँकेशायरचे सोने मुंबईत ओतू लागले. डेव्हिड ससून यांनी दिलेला घड्याळाचा मनोरा बागेच्या दाराशी १८६५ साली उभा राहिला, त्या काळाची ती खूण. त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले, शेअरबाजार कोसळला आणि काल लाखांच्या गोष्टी करणारे आज दिवाळखोरीच्या अर्जावर सही करू लागले. नानांचे निधनही त्याच वर्षी झाले. वस्तुसंग्रहालयाचे काम अडले. सरकारने हात दिला तेव्हा कोठे २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. बागेचे मंडळ या धक्क्यातून सावरले नाही. इमारत एकदा बांधून झाली की काही वर्षे दुर्लक्ष सोसते. बागेला रोज पाणी लागते, आणि रोजच्या पाण्याला वर्गणीदार मिळणे नेहमीच कठीण. १८७३ साली मंडळाचे काम संपुष्टात आले आणि बाग मुंबई नगरपालिकेच्या ताब्यात गेली.

या हस्तांतरणाचे वर्ष सहज डोळ्यांआड होते, पण त्यात एक अर्थ आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईत नवी नगरसंस्था आली होती. तिच्या ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते आणि १८७३ मध्ये ती प्रत्यक्ष कामाला लागली. म्हणजे बाग वर्गणीदारांच्या हातून निघाली ती सरकारच्या खजिन्यात गेली नाही, करदात्यांच्या हाती आली. मालकी बदलली असे म्हणण्यापेक्षा वर्गणीदारांची यादी वाढली, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

प्राणी आले ते पुढे. १८९० च्या सुमारास आणखी पंधराएक एकर जागा मिळाली आणि तेथे प्राणिसंग्रहालय थाटले गेले. लालबाग-परळ-भायखळा हा सारा टापू तोवर गिरण्यांचा झाला होता. गिरणगावातील चाळकऱ्याला सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन चालत जाता येईल असे हिरवे ठिकाण एवढेच. हत्तीची सवारी, सिंहाची डरकाळी यांपुढे झाडाकडे कोण पाहतो? नाव तेच राहिले, पण अर्थ फिरला. जिथे पिंजरे आहेत ती राणीची बाग, अशी व्याख्या झाली. १९६९ मध्ये तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. दोन्ही नामकरणे उचितच झाली. बागेच्या नव्या नावात ‘उद्यान’ आणि ‘प्राणिसंग्रहालय’ हे शब्द आले. ‘वनस्पती’ हा शब्द मात्र कोठेच नव्हता. सरकारी नोकरीत काढलेल्या वर्षांत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. फायलीच्या पाठीवर जे शीर्षक चढते, त्याप्रमाणेच पुढची सारी टिपणे लिहिली जातात. प्राणिसंग्रहालय अशी नोंद झालेल्या जागेत झाड हे पिंजऱ्याच्या आड येणारी अडचण ठरू शकते.

त्या जागेत झाडे किती आणि कोणती? सुमारे तीन हजार वृक्ष आणि त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती. पन्नासेक एकरांत एवढे वैविध्य असणारी दुसरी जागा मुंबईत नाही. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी येथे आहे. लाल-पिवळ्या फुलांचे झुंबर लोंबावे तशी तिची फुले. नॅथॅनिअल वॉलिच यांना हे झाड १८२६ च्या सुमारास ब्रह्मदेशातील एका मठाच्या बागेत दिसले आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲमहर्स्ट यांच्यावरून त्यांनी त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. आपल्या लोकांनी त्या लेडीला बाजूला सारून उर्वशीला आणले, हे अधिक चांगले झाले. पानांचे द्रोण होणारा कृष्णवड येथे आहे; त्याच्या द्रोणांतून श्रीकृष्ण लोणी खात असे, ही कथा सर्वांना ठाऊक आहेच. सीतेचा अशोक आहे. आणि आफ्रिकेतून आलेली, रांजणासारख्या खोडाची गोरखचिंच आहे.

गोरखचिंचेपाशी आम्ही थोडे थांबतो. आफ्रिकेच्या कोरड्या माळरानावरचे हे झाड अरबांनी आणले की पोर्तुगीजांनी, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण पश्चिम किनाऱ्यावर ते इतके रुजले की गोरखनाथांनी याच्याच छायेत बसून शिष्यांना उपदेश केला, असे आपण मानू लागलो. कैलासपतीचेही तेच. खोडालाच फुटणाऱ्या त्याच्या फुलात शिवपिंडी आणि वर नागफणा दिसतो, म्हणून शंकराच्या देवळापुढे तो श्रद्धेने लावला जातो. त्याचे माहेर मात्र दक्षिण अमेरिकेतील गियानाच्या बाजूला. देशांतराला आलेल्या घराण्यांतील आपल्यासारख्यांना यातले मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आपले पूर्वज कोठून आले हे आपल्याला पाठ असते. पण शेजाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, हे येथलेच. झाडांच्या बाबतीत तर झाडालाही तसेच वाटत असावे.

२००७ साली मुंबई महानगरपालिकेने बागेचे आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याची योजना पुढे आणली. खर्चाचा अंदाज ४०० कोटी रुपयांहून अधिक होता. परदेशी प्राण्यांसाठी त्यांच्या त्यांच्या प्रदेशांचे देखावे उभारावयाचे, म्हणजे बांधकाम, खोदकाम आणि त्याच्या वाटेत येणारी दीडशे वर्षांची झाडे. बागेत रोज फिरावयास येणारे, वनस्पतींचे अभ्यासक, शेजारचे रहिवासी अशा मंडळींनी ‘राणी बाग वाचवा’ म्हणून समिती उभी केली. त्यांचे मुख्य शस्त्र घोषणा हे नव्हते. त्यांनी झाडांची यादी केली. कोणते झाड, कोणत्या जातीचे, कोठे उभे आहे, हे प्रत्यक्ष फिरून त्यांनी लिहून काढले आणि वारसा समितीपुढे, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणापुढे आणि वृत्तपत्रांपुढे एकच म्हणणे मांडले, की ही मुळात वनस्पतिउद्यानाची जागा आहे. जॉन ग्रॅहॅम यांनी १८३० च्या दशकात जे काम कचेरी सुटल्यावर केले, तेच काम जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी त्याच शहरातील नागरिक आपापले व्यवसाय सांभाळून करीत होते. मूळ मंडळाचे सभासदत्व कधीच संपले होते. हे लोक न मागता त्याचे वारस झाले.

मूळ योजना त्या स्वरूपात उभी राहिली नाही. वारसा समितीने आक्षेप घेतले, आराखडा आटोपशीर करावा लागला आणि झाडांना धक्का न लावण्याची अट कागदावर आली. यात नागरिकांचा पूर्ण विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. प्राणिसंग्रहालय नवे झालेच. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणण्यात आले. त्यांतील एक काही महिन्यांतच दगावला. उरलेल्यांसाठी थंड केलेले दालन २०१७ च्या मार्चमध्ये खुले झाले आणि तेथे लोटलेली गर्दी पाहून टीकाकारही चकित झाले. लोकांना पेंग्विन हवे होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बाहेर मुंबईचा मे महिना आणि आत दक्षिण गोलार्धातील गारवा हा खर्चाचा प्रकार आहे. दारातली गोरखचिंच मात्र दीड शतक विजेचे बिल न येता उभी आहे. त्याच वर्षी प्रवेशशुल्क मोठ्या माणसासाठी पाच रुपयांवरून पन्नास झाले. आईबाप व दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. पन्नास रुपये आज फार नव्हेत, हे म्हणणे खरेच. पण गिरणीकामगाराच्या नातवंडांना आठवड्यातून दोनदा झाडाखाली येऊन बसावयाचे असेल, तर हिशेब वेगळा होतो.

बागेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २०१२ मध्ये, तिच्या इतिहासावर आणि वृक्षांवर ग्रंथ निघाला, हे त्या चळवळीचे टिकाऊ फलित. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचाही २००३ ते २००८ या काळात उत्तम जीर्णोद्धार झाला असून त्यासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे. संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना तो पडून फुटला. तुकडे बागेत आणून ठेवले गेले आणि पुढे १९१४ च्या सुमारास ते पुन्हा जोडण्यात आले. इंग्लंडला जाता जाता तो भायखळ्यास राहिला तो कायमचाच. काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्डही १९६५ पासून याच बागेत मुक्कामाला आहेत.

मुंबईस जाणे झाले तर मुलांना पेंग्विन जरूर दाखवावेत. मुले ऐकणार नाहीतच. मात्र त्याआधी तासभर हाती ठेवून झाडांखालून फिरावे. उर्वशी फुललेली पाहावयाची तर हिवाळा सरता सरता ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जावे. कैलासपतीला असा काही ऋतू नाही, तो बहुधा केव्हाही भेटतो. भायखळा स्टेशनच्या पूर्वेस उतरले की बाग पायी चालण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी ती बंद असते.